डेस्कटॉपच्या जागी लॅपटॉप आणताना

२२ जुलै २०२१ हा दिवस चिपळूणकर विसरणार नाहीत. वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरले आणि आमच्या दुकानातही आले. वर राहणे आणि खाली दुकान, असे आमचे घर. लग्नपत्रिकांचे डिझाइन, फोटो आणि निकाहच्या व्हिडिओंचे एडिटिंग हा आमचा व्यवसाय. पाणी वाढताना मॉनिटर उचलून वर नेला, प्रिंटर नेला. टेबलाखालच्या कॅबिनेटच्या मात्र तारा सोडवेपर्यंत पाणी गुडघ्याला लागले. ते तसेच टाकून सगळ्यांनी जिना गाठला.

तिसऱ्या दिवशी चिखलातून कॅबिनेट काढले. त्यात दोन घरांच्या निकाहचे चित्रीकरण होते. एकाची मूळ प्रत कॅमेऱ्याच्या कार्डात शिल्लक निघाली, दुसऱ्याची नाही. मुलीच्या वालिदांना आम्ही आगाऊ रक्कम परत द्यायला गेलो. ते एवढेच म्हणाले, "पैशांचं राहू द्या. त्यात आमच्या अम्मीनं मुलीला दिलेली दुआ होती. अम्मी आता नाही."

त्या दिवशी घरात ठरले की पुढचा संगणक दोन हातांनी उचलून माडीवर नेता येईल असाच घ्यायचा. पण काम तर डेस्कटॉपचेच करायला हवे होते: मोठे व्हिडिओ, जड फोटो, दिवसाचे आठ-दहा तास. अशा लॅपटॉपला बाजारात 'डेस्कटॉपची जागा घेणारा' लॅपटॉप म्हणतात. तो निवडताना आम्ही एकदा चुकलो आणि मग शिकलो. ज्या घरांत असा लॅपटॉप घेण्याचा विचार चालू आहे, त्यांच्यासाठी हा लेख.

पहिली चूक

पुरानंतर ऑर्डरी अडल्या होत्या, त्यामुळे आम्ही घाईत होतो. दुकानदाराने जेमतेम दीड किलोचा, चंदेरी, देखणा लॅपटॉप पुढे ठेवला. प्रोसेसरच्या नावात मोठा आकडा होता. "सर, यात सगळ्यात भारी प्रोसेसर आहे," असे ऐकले आणि पैसे मोजले.

पहिल्या पंधरा मिनिटांत यंत्र झपाझप चाले. मग पंखा घोंघावू लागे, कीबोर्ड तापे आणि कामाची गती निम्म्यावर येई. दोन तासांच्या फिल्मचे एक्सपोर्ट इशाच्या नमाजनंतर लावावे, तर फजरला उठल्यावरही ते चालूच असे. पडद्यावर मोतिया रंगाचा दिसणारा दुपट्टा अल्बममध्ये पिवळट छापून आला. मेमरी वाढवावी म्हटले, तर ती बोर्डावरच डाख देऊन बसवलेली. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी आमची गत झाली. पदरी पडले म्हणून तीन वर्षे तेच चालवले.

मधल्या काळात थोरली लेक पुण्याला एडिटिंगचा कोर्स करून आली आणि दुकानात बसू लागली. गेल्या वर्षी नवा लॅपटॉप घ्यायची वेळ आली तेव्हा तीच म्हणाली, "अब्बा, या वेळी स्टिकर नाही वाचायचं, कागद वाचायचा." पुढचे सगळे त्या कागदाच्या वाचनातून आलेले आहे.

आधी गरज तपासा

पहिली गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. तेवढ्याच पैशांत डेस्कटॉप नेहमीच जास्त ताकदीचा मिळतो. त्याचा एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो. संगणक एकाच जागी राहणार असेल, घरात टेबलाला जागा असेल आणि पुराची भीती नसेल, तर डेस्कटॉपच घ्या.

जड लॅपटॉप ज्यांना खरोखर उपयोगी पडतो, अशी घरे वेगळी आहेत. मुंब्रा किंवा भिवंडीच्या दोन खोल्यांत जेवणाचा आणि अभ्यासाचा कोपरा एकच असतो. काम झाले की यंत्र कपाटात जायला हवे. मुलगा वसतिगृहात ॲनिमेशन किंवा आर्किटेक्चर शिकतो आणि सुटीत घरी येतो. फोटोग्राफर लग्नाच्या हॉलमध्येच फोटो निवडून दाखवतो. आणि आमच्यासारखी नदीकाठची घरे.

मुलांचा गृहपाठ, ऑनलाइन अर्ज, हिशोब आणि सिनेमे एवढेच काम असेल, तर यातले काहीच लागत नाही. साधा, हलका लॅपटॉप पुरतो आणि उरलेले पैसे मुलांच्या फीला येतात.

सध्या बऱ्याच घरांत हा विषय निघण्याचे आणखी एक कारण आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे दहा-बारा वर्षांचे, चालते-बोलते डेस्कटॉपही आता बदलावे लागत आहेत.

नावापुढचे अक्षर आणि वॅट

प्रोसेसरच्या नावातील ५, ७, ९ हा आकडा सगळे पाहतात. खरी ओळख शेवटच्या अक्षरात असते. इंटेलच्या तेराव्या पिढीचे उदाहरण घेऊ. आय-७ १३५५यू मध्ये २ मोठे आणि ८ छोटे, असे १० कोअर आहेत आणि त्याची मूळ वीजमर्यादा १५ वॅट आहे. आय-७ १३७००एच मध्ये ६ मोठे आणि ८ छोटे कोअर आहेत, मर्यादा ४५ वॅट. आय-७ १३७००एचएक्स मध्ये ८ मोठे आणि ८ छोटे, मर्यादा ५५ वॅट. तिघेही 'आय-७'च. पहिला प्रवासात पत्रे लिहिण्यासाठी चांगला आहे, बॅटरी वाचवतो. तासन्‌तास व्हिडिओचे काम करायचे असेल तर एच किंवा एचएक्स पाहा. एएमडीच्या रायझनमध्येही यू म्हणजे कमी विजेचा, एचएस आणि एचएक्स म्हणजे जास्त ताकदीचा.

ग्राफिक्स चिपबद्दल तर अधिकच जपून राहावे लागते. लॅपटॉपमधील एनव्हिडियाची आरटीएक्स ४०६० ही चिप ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही विजेवर चालवण्याची मुभा लॅपटॉप बनवणाऱ्याला आहे. पातळ यंत्रात तीच चिप उपाशी राहते आणि जाड यंत्रात पोटभर जेवते. बाहेर स्टिकर मात्र एकच. म्हणून कंपनीच्या माहितीपत्रकात ग्राफिक्सची कमाल वॅट-मर्यादा शोधा. लॅपटॉप समोर असेल तर एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमधील सिस्टिमच्या माहितीतही ती दिसते.

डेस्कटॉपच्या चिपचे नाव लॅपटॉपवर दिसले म्हणून ती तीच चिप आहे असेही समजू नका. डेस्कटॉपच्या आरटीएक्स ४०९० ला २४ जीबी मेमरी आहे, लॅपटॉपच्या ४०९० ला १६ जीबी, आणि आतली चिपही वेगळी आहे.

व्हिडिओ करणाऱ्यांनी कॅमेऱ्याकडेही पाहावे. नवे कॅमेरे दहा बिट, ४:२:२ अशा पद्धतीने चित्रीकरण करतात. त्यात रंगांची माहिती जास्त असते, पण ते उलगडायला संगणकाला फार कष्ट पडतात. एचईव्हीसीमधले असे चित्रीकरण थेट उलगडण्याची सोय इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये आहे. एनव्हिडियाने ती आरटीएक्स ५० मालिकेत आणली. आपला कॅमेरा असा असेल, तर ही एक गोष्ट महागड्या ग्राफिक्स चिपपेक्षा जास्त उपयोगी ठरते.

उष्णतेचे गणित

४५ वॅटचा प्रोसेसर आणि ११५ वॅटचे ग्राफिक्स मिळून १६० वॅट होतात. ही जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. जुन्या १०० वॅटच्या पिवळ्या बल्बला चुकून हात लागला की काय होई, ते आठवा. तसे दीड बल्ब लॅपटॉपच्या पोटात पेटलेले असतात. ही उष्णता बाहेर पडली नाही, तर चिप स्वतःला वाचवण्यासाठी आपली गती कमी करते. आमच्या चंदेरी लॅपटॉपचे पंधरा मिनिटांनंतर तेच होत होते.

म्हणून या प्रकारात वजन हा दोष नाही. सव्वादोन ते पावणेतीन किलोचे यंत्र, दोन पंखे, मागे आणि बाजूला रुंद जाळ्या, हे सगळे चांगले लक्षण समजा. हवा बहुधा तळातून आत जाते. त्यामुळे असा लॅपटॉप गादीवर किंवा मांडीवर ठेवून चालवू नये. कोकणातल्या मे महिन्यात खोलीच ३५ अंशांवर असते, तेव्हा हे अधिकच सांभाळावे लागते.

मेमरी आणि साठवण

आजच्या घडीला १६ जीबी मेमरीपेक्षा कमी घेऊ नका. फोरके व्हिडिओसाठी ३२ जीबी बरी. मेमरीचे दोन खाचे आहेत की ती बोर्डावर पक्की बसवलेली आहे, हे आवर्जून विचारा. खाचे असतील तर आज १६ घेऊन दोन वर्षांनी वाढवता येते. पक्की असेल तर पहिल्याच दिवशी पूर्ण घ्यावी लागते.

साठवणीचा हिशोब सोपा आहे. सेकंदाला १०० मेगाबिट या दराने केलेले फोरके चित्रीकरण तासाला ४५ जीबी जागा घेते. निकाह आणि वलीमा मिळून सहा तासांचे चित्रीकरण म्हणजे एका कॅमेऱ्याचे २७० जीबी. कॅमेरे दोन असतील तर ५४० जीबी. ५१२ जीबीच्या लॅपटॉपमध्ये एक लग्नही मावत नाही. १ टीबी घ्या आणि दुसऱ्या एसएसडीसाठी रिकामी जागा आहे का ते पाहा. एनव्हीएमई प्रकारची एसएसडी जुन्या फिरत्या हार्डडिस्कपेक्षा कैक पटींनी वेगवान असते. हार्डडिस्क आता फक्त जुने काम जपून ठेवायला वापरावी.

पडदा

एवढी ताकद घेऊन पडदा फिका असेल, तर फोटोचे काम आंधळ्या कोशिंबिरीसारखे होते. माहितीपत्रकात '४५ टक्के एनटीएससी' असे लिहिलेले दिसले तर तो पडदा रंगाच्या कामाचा नाही. छपाई आणि मोबाइलसाठी '१०० टक्के एसआरजीबी' असलेला पडदा पाहा. उजेड किमान ३०० निट असावा.

आकार १६ इंच आणि उंचीला थोडा जास्त, म्हणजे १६:१० प्रमाणाचा असेल तर एडिटिंगच्या पट्ट्यांना जागा मिळते. १९२०×१०८० च्या पडद्यावर सुमारे २१ लाख ठिपके असतात, २५६०×१६०० वर सुमारे ४१ लाख. फरक डोळ्यांना लगेच कळतो. ओलेड पडदा रंगाला सुंदर, पण दिवसभर एकच पट्टी एकाच जागी दिसत राहिली तर तिची छाया कायमची उमटण्याचा धोका असतो. डेस्कटॉपसारखा वापर करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

उर्दू, मराठी आणि सॉफ्टवेअर

आमच्या पत्रिका दोन लिपींत निघतात, मराठी आणि उर्दू. उर्दूचे काम इनपेजवर होते आणि आमचे इनपेज विंडोजवरचे आहे. ॲपलचे लॅपटॉप व्हिडिओच्या कामात उत्तम आहेत, गार आणि शांत चालतात, बॅटरीवरही तितकीच गती देतात. लेकीला तोच हवा होता. पण वीस वर्षांच्या जुन्या इनपेज फाइली रोज उघडाव्या लागतात, म्हणून आम्ही विंडोजवर राहिलो. तुमच्या घरी फक्त व्हिडिओचे काम असेल तर तुमचे उत्तर वेगळे येऊ शकते. आपल्या कामाचे सॉफ्टवेअर कागदावर लिहून मगच दुकानात जावे.

आखातातून आणावा का?

आमचे मेहुणे शारजाला असतात. "तिकडूनच आणतो की," असे ते फोनवर म्हणाले. हा प्रश्न आपल्याकडे अनेक घरांत येतो. अठरा वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप कस्टम ड्युटी न भरता आणता येतो. चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालतो, म्हणून विजेची अडचण नसते. तिकडची जाड चपटी पिन आपल्या सॉकेटमध्ये बसत नाही, एवढीच वायर बदलावी लागते. बॅटरी १०० वॅट-अवरच्या आत असावी, ही विमानाची मर्यादा आहे. कंपन्या ती पाळतातच. कीबोर्डवर अरबी अक्षरे छापलेली मिळतात, त्याचा उर्दू-अरबी टाइप करणाऱ्याला फायदाच होतो.

खरा प्रश्न वॉरंटीचा आहे. ती भारतात चालेल का, चालली तर कारागीर घरी येईल की यंत्र पाठवावे लागेल, हे त्या मॉडेलच्या नावाने कंपनीकडून लेखी घ्या. आमची रोजीरोटी या यंत्रावर आहे. ते महिनाभर बाहेर गेले तर लग्नाचा हंगाम हातचा जातो. म्हणून मेहुण्यांचे आभार मानून आम्ही इथेच, घरी येऊन दुरुस्ती करणाऱ्या तीन वर्षांच्या वॉरंटीसह लॅपटॉप घेतला.

पैशांची बाजू

आम्ही एक लाखाची मर्यादा ठरवली आणि त्यातले दहा हजार बाजूला काढून ठेवले. बाहेरची डिस्क, स्टँड, वेगळा कीबोर्ड आणि माऊस हा खर्च टाळता येत नाही आणि तो ऐनवेळी आठवतो.

'नो कॉस्ट' हप्त्यांचा कागद नीट वाचावा. त्यात बँक व्याज लावतेच. दुकान तेवढी सूट किमतीत देते आणि त्या व्याजावर जीएसटी वेगळा पडतो. आम्हाला व्याजाच्या व्यवहारात जायचे नव्हते. दुकानाच्या कमाईतून दरमहा थोडे बाजूला ठेवले, उरलेले घरातल्या भिशीतून आले. त्याला चौदा महिने लागले. तेवढे दिवस चंदेरी लॅपटॉपची कुरकुर ऐकून घेतली. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. व्यवसायाची नोंदणी असेल तर बिल त्याच नावाने घ्यावे, त्याची वजावट मिळते.

दुकानात काय करून पाहावे

या वेळी लेक आपले स्वतःचे काम छोट्या एसएसडीत भरून घेऊन गेली. दुकानदाराने आधी कुरकूर केली, मग खुर्ची दिली. तिने जे केले ते सगळ्यांना जमण्यासारखे आहे.

चार्जर लावून सिनेबेंच ही मोफत चाचणी दहा मिनिटे चालवावी. पहिल्या फेरीचा आकडा आणि दहा मिनिटांनंतरचा आकडा यांत थोडा फरक चालतो. खूप घसरला तर यंत्र उष्णता बाहेर टाकू शकत नाही असे समजावे.

त्याच वेळी तळहात कीबोर्डवर ठेवून पाहावा. जिथे बोटे टेकतात तिथे चटका बसत असेल, तर आठ तास काम होणार नाही. पंख्याचा आवाज ऐकावा. रात्री शेजारी मूल झोपलेले असणार आहे.

आपल्या ओळखीचा, छापून आलेला एक फोटो सोबत न्यावा आणि पडद्यावर तोच उघडून दोन्ही शेजारी धरावेत.

जोडण्या मोजाव्यात. बाहेरच्या मॉनिटरसाठी एचडीएमआय, डिस्कसाठी वेगवान टाइप-सी, कॅमेऱ्याच्या कार्डासाठी खाच. टाइप-सीची भोके दिसायला सारखी असतात, पण वेग सेकंदाला ५ गिगाबिटपासून ४० गिगाबिटपर्यंत किंवा त्याहूनही जास्त असू शकतो.

दुकानात हे करू दिले नाही, तर बदलून देण्याची मुदत विचारून घ्यावी आणि घरी पहिल्या दोन दिवसांतच सगळे तपासावे.

घरी आणल्यावर

लॅपटॉप टेबलावर सपाट ठेवून दिवसभर खाली मान घालून बसू नका. स्टँडवर चढवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या उंचीला आणा आणि कीबोर्ड वेगळा जोडा. मान वाचते आणि खालून हवाही खेळते. यंत्र कायम चार्जरवर राहणार असेल, तर बहुतेक कंपन्यांच्या सेटिंगमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते. ती चालू करा, बॅटरी जास्त वर्षे टिकते.

बॅटरीवर पूर्ण ताकद मिळेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. अशा लॅपटॉपचा चार्जर २३० वॅटच्या घरातला असतो आणि तेवढी वीज बॅटरी देऊ शकत नाही. बॅटरीचा खरा उपयोग वीज गेल्यावर होतो: काम सेव्ह करायला भरपूर वेळ मिळतो, वेगळा यूपीएस लागत नाही. इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर हा वॅटचा आकडा इलेक्ट्रिशियनला आधी सांगा आणि अर्थिंग तपासून घ्या.

सगळ्यात शेवटी, पुराने शिकवलेला धडा. लॅपटॉप उचलता येतो म्हणून काम सुरक्षित झाले असे नाही; तो पडू शकतो, चोरीला जाऊ शकतो. आमच्याकडे आता प्रत्येक लग्नाच्या तीन प्रती असतात. एक लॅपटॉपमध्ये, एक घरातल्या डिस्कवर, आणि एक डिस्क खेर्डीला खालाजानच्या माडीवर. गिऱ्हाईक काम घेऊन समाधानाने गेल्याशिवाय कॅमेऱ्याचे कार्ड पुसायचे नाही, हा घरातला नियम आहे.

दोन तासांच्या फिल्मचे एक्सपोर्ट आता इशा आणि जेवण यांच्या मधल्या वेळेत होते. गेल्या पावसाळ्यात एका रात्री नदी वाढल्याची सूचना आली. लेकीने चार्जर काढला, लॅपटॉप एका काखेत घेतला, डिस्क दुसऱ्या हातात, आणि ती जिना चढून गेली. आम्ही घड्याळ पाहिले, दोन मिनिटेही लागली नव्हती. त्या रात्री पाणी आले नाही, अल्हम्दुलिल्लाह. सकाळी तिने सगळे पुन्हा खाली आणून टेबलावर मांडले आणि एका निकाहचे अर्धवट राहिलेले काम पुढे सुरू केले. त्यात एक दादी नातीच्या डोक्यावर हात ठेवून दुआ देत होती.